नव्वद वर्षं खणात: ओलिंगितो या प्राण्याच्या नामकरणाचं प्रकरण

हा प्राणी संग्रहालयाच्या खणात होता, प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यात होता आणि जंगलात तर होताच. तिन्ही ठिकाणी माणसांनी तो पाहिला होता. तरी १५ ऑगस्ट २०१३ पर्यंत त्याला स्वतःचं नाव नव्हतं. तो कोण हे ठरवायला दहा वर्षं का लागली, मध्ये कुठे कुठे वाट फुटत होती आणि त्यातली कोणती का निवडली गेली, एवढंच या प्रकरणात पाहायचं आहे. आजच्या काळातल्या अभ्यासकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. ठिकाणं, सालं आणि प्राणी खरे आहेत.

शब्दांचा एक खुलासा आधीच केलेला बरा. वर्तमानपत्रांत स्पीशीजला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. इथे जाती म्हणजे स्पीशीज आणि प्रजाती म्हणजे तिच्यावरची पायरी, जीनस. एरवी ही गल्लत चालून जाते, पण वर्गीकरणाची गोष्ट सांगताना तिने सगळाच घोळ होतो.

पार्श्वभूमी

रॅकूनच्या कुलात अमेरिका खंडातले बरेच प्राणी येतात. लांब नाकाचा कोआटी, शेपटीने फांदी धरणारा किंकाजू आणि फारसा कुणाला माहीत नसलेला ओलिंगो. ओलिंगो डोळ्यांसमोर आणायचा तर आपलं उदमांजर आठवावं आणि ते बरंच सडपातळ आणि हलकं करावं. लांब झुबकेदार शेपूट, गोल डोळे, रात्रीचा वावर, मुक्काम झाडाच्या शेंड्यावर, खाणं मुख्यतः फळं. मध्य अमेरिकेपासून दक्षिणेकडे अँडीजच्या उतारांपर्यंत आणि अ‍ॅमेझॉनच्या पश्चिम पट्ट्यात त्यांची वस्ती आहे.

रात्री विजेरीच्या उजेडात ओलिंगो आणि किंकाजू यांत फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. किंकाजूची शेपूट फांदीला विळखा घालते, ओलिंगोची घालत नाही, एवढी एक खूण. तीही शेपूट दिसली तर. दिसायला जुळे असले तरी ते सख्खे नाहीत. डीएनए सांगतो की ओलिंगोचा जवळचा नातलग कोआटी, जो दिवसा जमिनीवर नाक खुपसत फिरतो आणि दिसायला अगदीच वेगळा. या कुलात रूपावर विसंबणाऱ्याची फसगत ठरलेली, आणि ती पुढे या प्रकरणात वारंवार दिसेल.

ओलिंगोंच्या प्रजातीला बॅसॅरिसिऑन हे नाव जोएल असाफ अ‍ॅलन याने १८७६ साली दिलं. हाती होता कोस्टा रिकाचा प्राणी. त्याची जाती गॅबी. पुढे ऑल्डफील्ड थॉमसने १८८० मध्ये इक्वाडोरमधून अ‍ॅलेनी आणि १९०९ मध्ये कोलंबियाच्या पश्चिम भागातून मीडियस या जाती सांगितल्या. १९२१ मध्ये गयानातून बेडार्डी आली, १९३२ मध्ये कोस्टा रिकातून लॅसियस, १९३६ मध्ये पनामातून पॉली. साठ वर्षांत ही सहा ठळक नावं. यातली बहुतेक हातात आलेल्या एक-दोन नमुन्यांवर बेतलेली. एकाला एक कवटी मिळाली, दुसऱ्याला हजार मैलांवर दुसरी मिळाली, आणि दोघांनी आपापलं नाव ठेवलं. सगळे नमुने एका टेबलावर कुणी मांडले नव्हते. त्या काळी ते शक्यही नव्हतं. कातडी आणि कवट्या लंडन, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, शिकागो अशा विखुरलेल्या होत्या.

म्हणजे २००३ साली ओलिंगोंच्या किती जाती आहेत या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं. कुणी पाच म्हणे, कुणी दोन, कुणी सगळी मिळून एकच.

अडचण

हा गुंता सोडवायला निघालेला एक तरुण सस्तनप्राणी-अभ्यासक २००३ मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये पोचला. तो नवीन जाती शोधायला गेला नव्हता. जुन्या सहा नावांचा हिशेब लावणं एवढंच काम होतं. त्याने एक खण ओढला आणि आतली कातडी ओलिंगोंची वाटेनात. ओलिंगो राखाडी-तपकिरी असतो. ही कातडी लालसर-नारिंगी, लांब आणि दाट केसांची. मग त्याने सोबतची कवटी काढली. ती लहान होती, आणि दातांची ठेवणही वेगळी होती.

चिठ्ठ्यांवर नमुने कुठे मिळाले ते लिहिलेलं होतं: उत्तर अँडीज, समुद्रसपाटीपासून सुमारे १,५०० ते २,७५० मीटर. ओलिंगो एवढ्या उंचीवर सहसा सांगितलेला नाही. हा धुक्याच्या जंगलांचा पट्टा. ढग तिथे झाडांतून फिरतात, फांद्यांवर शेवाळ आणि ऑर्किडं लगडलेली असतात.

इथे पहिला निर्णय होता, आणि तो दिसतो तितका सोपा नव्हता. वेगळा रंग, दाट केस, लहान कान, लहान शरीर, उंच डोंगर. हे सगळं ‘थंडीतला ओलिंगो’ या एका वाक्यात बसवता येतं. गार हवेत केस दाट होतात. गार हवेत कान-शेपट्या आखूड होतात हा नियम तर प्राणिशास्त्राच्या पुस्तकात आहे, आणि गंमत अशी की तो १८७७ साली मांडणारा अ‍ॅलन म्हणजे ओलिंगोंच्या प्रजातीला नाव देणारा तोच अ‍ॅलन. त्याच्या नियमाने पाहिलं तर हे लालसर प्राणी म्हणजे अ‍ॅलेनीची डोंगरी आवृत्ती म्हणून सोडून देता आले असते. इतकी वर्षं झालंही तसंच असणार: खण उघडणाऱ्या प्रत्येकाला फरक दिसला असेल आणि प्रत्येकाने मनात उंचीचं कारण लावून खण बंद केला असेल.

पण दोन गोष्टी या स्पष्टीकरणात बसत नव्हत्या. एक, थंडीत एकाच जातीचे प्राणी अंगाने मोठे होताना दिसतात, लहान नव्हे. हे उलट होतं. दुसरी जास्त महत्त्वाची: दाढा. शरीर लहान, कवटी लहान, आणि दाढा मात्र ओलिंगोंच्या मानाने मोठ्या, त्यांचे उंचवटे अधिक ठसठशीत. शिवाय कवटीच्या तळाशी कानाच्या हाडाचे जे फुगीर कप्पे असतात ते लहान. थंडीने केस वाढतात. दाढेचे उंचवटे थंडीने वाढत नाहीत.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणाचा कणा इथे आहे. रंग आणि केस यांनी लक्ष वेधलं, पण पुरावा म्हणून ते कच्चे होते. पक्का पुरावा डब्यातल्या कवटीत होता, आणि ती काढून पाहण्याचे कष्ट कुणीतरी घ्यायला हवे होते.

पिंजऱ्यातली मादी

थोडं मागे जाऊ. १९६० आणि ७० च्या दशकांत अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत रिंगर्ल नावाची एक मादी होती. ती कोलंबियातून आलेली. लुईव्हिल आणि वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयांत तिला लोकांनी पाहिलं. फलकावर ओलिंगो असं लिहिलेलं. तिला पिल्लं व्हावीत म्हणून ओलिंगो नरांबरोबर ठेवून पाहिलं, ठिकाणं बदलून पाहिलं. तिने एकाही नराला जवळ येऊ दिलं नाही. सांभाळणाऱ्यांना कोडं पडलं: स्वभाव हट्टी, दुसरं काय. तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी कळलं की ती ओलिंगो नव्हतीच.

जीवशास्त्राच्या पुस्तकात जातीची जी सगळ्यात प्रसिद्ध व्याख्या असते, आपापसांत प्रजनन करणाऱ्या प्राण्यांचा गट, तिचा प्रयोग इथे पिंजऱ्यात चालू होता आणि निकालही मिळत होता. तो कुणी निकाल म्हणून वाचला नाही. एका मादीच्या नकारावरून नवीन जाती सांगता येत नाही हे खरंच; बंदिवासात एकाच जातीचे प्राणीही अनेकदा जुळत नाहीत. पण ‘हिची कवटी आणि दात एकदा खणातल्यांशी ताडून पाहू’ एवढी शंका यायला तो नकार पुरेसा होता.

समोरचे पर्याय

खण उघडलेल्या त्या दुपारी कुणी कागदावर पर्याय मांडून बसलं असेल असं नाही. आपण मागे वळून पाहतो म्हणून ते सुटे दिसतात. तरी ते खरे होते आणि या शास्त्रात प्रत्येकाला कधी ना कधी समोर येतात.

सगळ्यात झटपट वाट म्हणजे शिकागोच्या नमुन्यांवरून चार पानांचं वर्णन लिहून नाव देऊन मोकळं होणं. नियमात ते बसतं. प्राण्यांच्या नावांची आंतरराष्ट्रीय संहिता नवीन नावासाठी डीएनए मागत नाही, जिवंत प्राणी पाहिला पाहिजे असंही म्हणत नाही. तिला वर्णन हवं, एक ठरवलेला आदर्श नमुना हवा आणि रीतसर प्रसिद्धी हवी. पण संहितेत अग्रक्रमाचा नियमही आहे: १७५८ सालच्या लिनीयसच्या ग्रंथापासून पुढे, ज्याचं नाव आधीचं त्याचं टिकतं. जुन्या सहा नावांपैकी एखादं नाव नेमकं याच लालसर प्राण्याला दिलेलं असेल तर? तर नवीन नाव प्रसिद्ध होताच मेलं आणि गोंधळात सातवी भर पडली. लॅसियस किंवा पॉली ही नावं डोंगराळ मुलखातून आलेली होती. ती कुणाची हे मूळ नमुने पाहिल्याशिवाय कसं कळणार?

दुसरी वाट सावध माणसाची: उपजाती म्हणून टाका, अ‍ॅलेनीखाली. कुणी भांडायला येत नाही. हा पर्याय मला सगळ्यात धोक्याचा वाटतो, कारण तो चूक असला तरी चूक दिसत नाही. उपजातीकडे संवर्धनाची यंत्रणा क्वचितच बघते, आणि खण पुन्हा पन्नास वर्षं बंद राहतो.

तिसरी वाट, आधी जंगलात जाऊन प्राणी शोधायचा आणि मगच लिहायचं. ऐकायला आदर्श, पण कुठे जायचं? चिठ्ठ्या जुन्या, जंगलं तोडली गेलेली, प्राणी निशाचर आणि शेंड्यावरचा.

चौथी वाट लांबची होती. एका प्राण्याचं वर्णन करायचं नाही, संपूर्ण प्रजातीचा फेरतपास करायचा. सहाही नावांचे मूळ नमुने, जगातल्या सगळ्या संग्रहालयांतली कातडी-कवट्या, मापं, डीएनए, नकाशे. नवीन जाती असलीच तर ती त्या कामाच्या पोटातून आपोआप बाहेर येईल. यात वर्षं जातात, पैसा लागतो, आणि मधल्या काळात दुसऱ्या कुणी चार पानांची वाट धरली तर श्रेय त्याचं.

त्या अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चौथी धरली.

प्रत्यक्ष काम

फेरतपासाचा मोठा भाग कंटाळवाणा असतो आणि त्यावर लिहिण्यासारखं थोडंच असतं. खण उघडा, कवटी काढा, कॅलिपर लावा, आकडा लिहा, कवटी परत ठेवा. हे इतक्या वेळा केलं गेलं की जगभरातल्या संग्रहालयांमध्ये असलेल्या ओलिंगोंच्या नमुन्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक नमुने तपासून झाले. आपल्याकडे मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) संग्रहात १९११ मध्ये सुरू झालेल्या सस्तनप्राणी-सर्वेक्षणाची कातडी आणि कवट्या आहेत. ज्यांनी असे खण पाहिलेत त्यांना हे काम कशाचं असतं ते सांगायला नको: डांबरगोळ्यांचा वास आणि शाईने लिहिलेल्या चिठ्ठ्या.

चिठ्ठ्यांचं महत्त्व मात्र थांबून सांगायला हवं. कातड्यासोबत गाव आणि उंची लिहिलेली नसती तर हा प्राणी केवळ लाल ओलिंगो राहिला असता. गावांवरून नकाशावर ठिपके पडले, ठिपक्यांवरून तिथलं तापमान, पाऊस, उंची कळली, आणि त्यावरून असं हवामान आज आणखी कुठे आहे हे मांडता आलं. आता ‘कुठे जायचं’ या प्रश्नाला उत्तर होतं.

पुढचा निर्णय: जायचं का? नमुन्यांवरून जाती सांगता येत होती. प्रश्न वेगळाच होता. हे सगळे नमुने दशकांपूर्वीचे. प्राणी अजून आहे का? नसेल तर तो नामशेष झालेल्यांच्या यादीत नोंदवायचा, असेल तर संवर्धनाच्या. दोन्ही लेखांचा सूर वेगळा झाला असता.

इथे इक्वाडोरच्या एका संशोधकाला सोबत घेतलं गेलं, आणि प्रकरणातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय हाच असं माझं मत आहे. वॉशिंग्टनहून विमानाने जाऊन जंगलात विजेऱ्या मारत फिरण्यापेक्षा, ज्याला तिथले उतार, रस्ते आणि माणसं ठाऊक आहेत त्याला आधी टेहळणी करायला सांगितलं. अँडीजच्या पश्चिम उतारावर ओतोंगा नावाचं राखीव जंगल आहे. तिथे त्याने कॅमकॉर्डरवर काही सेकंदांचं धूसर चित्रण केलं. चित्र खराब, पण प्राणी तो असण्याची शक्यता दांडगी.

२००६ मध्ये तीन आठवड्यांची मोहीम निघाली. पहिल्याच रात्री प्राणी दिसला. तीन वर्षं कवट्या मोजल्यावर पहिल्या रात्री! पण याला योगायोग म्हणू नये. जुन्या चिठ्ठ्यांनी आणि स्थानिक टेहळणीने शोधाचं क्षेत्र आधीच एका उतारापर्यंत आणून ठेवलं होतं. पुढच्या दिवसांत जे टिपलं गेलं ते कवटीतून कधीच कळलं नसतं: प्राणी रात्री फिरतो, झाडावरून क्वचितच उतरतो, मुख्यतः फळं खातो, एका वेळी एकच पिल्लू देतो.

डीएनएचं काम सोबत चालू होतंच. सायटोक्रोम बी या जनुकात हा प्राणी आणि इतर ओलिंगो यांच्यात दहा टक्क्यांच्या आसपास फरक निघाला, आणि फांदी फुटण्याचा काळ सुमारे ३५ लाख वर्षांमागचा असावा असा अंदाज आला. डोंगरी आवृत्तीचा संशय इथे संपला. नुसताच डीएनए असता तर मी स्वतः थोडी कुरकुर केली असती. उष्ण कटिबंधात एका जनुकाच्या टक्केवारीवर जाती पाडण्याची घाई बरेच जण करतात. इथे दाढा, कानाचे कप्पे, उंचीचा पट्टा आणि डीएनए ही चारही बोटं एकीकडेच दाखवत होती.

राहिला आदर्श नमुना, होलोटाइप. नवीन जातीचं नाव शेवटी एका विशिष्ट नमुन्याला बांधलेलं असतं. उद्या वाद झाला तर तो काढून बघायचा. त्यांनी जुनाच निवडला: १९२३ साली इक्वाडोरमध्ये लास माकिनास इथे मिळालेला, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत असलेला. ठिकाण, उंची, कातडं, कवटी सगळं जागेवर. म्हणजे नामकरणासाठी लागणारी वस्तू ९० वर्षं खणात तयार होती.

निकाल

लेख १५ ऑगस्ट २०१३ रोजी ‘झूकीज’ या कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या नियतकालिकात आला. आठ लेखक, ८३ पानं. प्राण्याचं शास्त्रीय नाव बॅसॅरिसिऑन नेब्लिना; नेब्लिना म्हणजे स्पॅनिशमध्ये धुकं. व्यवहारातलं नाव ओलिंगितो, म्हणजे छोटा ओलिंगो. वजन एक किलोच्याही आत. रॅकूनच्या सगळ्या कुलात सर्वांत लहान. मांसभक्षी गणातला नवीन प्राणी अमेरिका खंडात सांगितला जाण्याची ही ३५ वर्षांतली पहिली वेळ. त्याआधीची १९७८ सालची, कोलंबियातल्या वीझल या मुंगसासारख्या अंगाच्या छोट्या प्राण्याची.

बातम्यांत फक्त गोंडस चेहरा आला. पण फेरतपासाचं खरं फळ दुसरं होतं. लॅसियस आणि पॉली ही दोन्ही गॅबीच निघाली, बेडार्डी अ‍ॅलेनीत मिळाली. सहा नावांची तीन झाली, त्यात नेब्लिनाची भर पडून चार. नवीन जाती जाहीर करणाऱ्या लेखाने एकूण जाती कमी केल्या! चार पानांची वाट धरली असती तर ही बेरीज-वजाबाकी झालीच नसती. आणि नवीन नाव टिकलं तेही त्यामुळेच, कारण ‘जुन्या नावांपैकी हे एखादं नाही ना’ हा प्रश्न विचारायला कुणाला जागाच उरली नव्हती.

लेखातच दुसरा आकडा होता, तो कमी गाजला. या प्राण्याच्या मूळ अधिवासापैकी अंदाजे ४२ टक्के जमीन शेती किंवा वस्तीखाली गेलेली. धुक्याचं जंगल मधल्या उंचीवर असतं आणि माणसालाही राहायला आणि पिकवायला तीच उंची आवडते. पुढे २०१६ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत ओलिंगितोची नोंद ‘संकटसमीप’ अशी झाली. उपजातीच्या वाटेने गेला असता तर त्या यादीत त्याची स्वतःची ओळ नसती.

वेगळं काय करता आलं असतं

दहा वर्षांचा प्रश्न पहिला. २००६ मध्ये प्राणी जिवंत दिसला होता, कवट्यांचा फरक माहीत होता. लेख आला २०१३ मध्ये. मधल्या सात वर्षांत त्या उतारांवर जंगल कापणं थांबलेलं नव्हतं. पूर्ण फेरतपासाची वाट मला योग्य वाटते, पण तिचे दोन भाग करता आले नसते का? आधी नेब्लिनाचं वर्णन, मूळ नमुन्यांशी ताडून, डीएनएसह. मग बाकी तीन जातींचा विस्तार. याविरुद्ध बाजूही सांगायला हवी. मूळ नमुने ताडणं हाच वेळखाऊ भाग होता. तो टाळता येत नव्हता, आणि एकदा तो झाला की उरलेलं लिहिणं वर्षा-दोन वर्षांचं. म्हणजे विभागून वाचलं असतं ते थोडंच, पण वाचलं असतं.

गाजावाजा आधी करणं मात्र त्यांनी कटाक्षाने टाळलं आणि ते बरं केलं. वर्णनाआधी नाव वर्तमानपत्रात फुटलं तर शास्त्राच्या दृष्टीने ते उघडं नाव (नोमेन न्यूडम), म्हणजे वर्णनाविना ग्राह्य नसलेलं नाव ठरतं, आणि कुणी तिसराच वर्णन जोडून त्यावर हक्क सांगू शकतो.

उपजातींबाबत मी साशंक आहे. त्याच लेखात नेब्लिनाच्या चार उपजातीही सांगितल्या गेल्या: नेब्लिना, ऑसबॉर्नी, हर्शकोवित्झी आणि रूबर. हर्शकोवित्झी हे नाव कोलंबियात वर्षानुवर्षं नमुने जमवणाऱ्या फिलिप हर्शकोवित्झवरून. रूबर म्हणजे लाल. रंग आणि मापांतले फरक खरे आहेत, पण डोंगराच्या एकेका रांगेतून हाती आलेले नमुने मोजके. मोजक्या नमुन्यांवर नावं ठेवण्याचीच फेड तर हा लेख करत होता. मग स्वतः पुन्हा तेच का? लेखकांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की अँडीजच्या रांगा खोल दऱ्यांनी तुटलेल्या आहेत, धुक्याची जंगलं बेटांसारखी आहेत आणि प्रत्येक बेटावरचा प्राणी वेगळा वाढतो. नाव असलं की ते बेट वाचवायला मदत होते. तरी मी थांबले असते, जंगलातून आणखी नमुने आणि आणखी जनुकं येईपर्यंत.

तिथल्या माणसांना उशिरा विचारलं गेलं, हीसुद्धा उणीवच. लेख आल्यावर इक्वाडोर-कोलंबियातून फोटो येऊ लागले. निसर्गप्रेमींनी, पाहुण्यांनी काढलेले, काही लेखाच्या आधीचे, किंकाजू किंवा ओलिंगो म्हणून ठेवून दिलेले. किटोच्या वायव्येला मिंदोकडच्या उतारावर पर्यटकांच्या एका निवासाजवळ केळी ठेवली की ओलिंगितो येतात, हे आता जगाला ठाऊक आहे. २००३ मध्ये खणावरून अशा जागांकडे पोचायला जुन्या चिठ्ठ्यांखेरीज दुसरी वाट नव्हती का? असे फोटो एकत्र टाकण्याची सोय तेव्हा बाल्यावस्थेत होती. आज हेच प्रकरण सुरू झालं असतं तर कवटी मोजायला बसण्याआधी दोन संध्याकाळी फोटो चाळण्यात घालवाव्यात असं मी कुणाही विद्यार्थ्याला सांगेन, आणि शेपटीचा विळखा दिसत नसलेल्या प्रत्येक किंकाजूवर खूण करायला लावेन.

आणि रिंगर्ल. एखाद्या पिंजऱ्यातला प्राणी वर्षानुवर्षं जोडीदाराला नाकारतोय, तो कुठून आला हे कागदावर आहे, त्याचा देश डोंगराळ आहे. तर तिथल्या नोंदवहीत ‘स्वभावाने हट्टी’ लिहिण्याआधी संग्रहालयाला एक चिठ्ठी पाठवायला फार तर टपालखर्च आला असता. खण तेव्हाही तिथेच होता.